इंचाला किती, हे विचारू नका

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, पुण्याला जाऊन टॅटू काढायचाय, किती पैसे ठेवू?" मी विचारलं, काय काढायचंय? ते अजून ठरलं नव्हतं. अंगावर कुठे? तेही नाही. कुणाकडून? इन्स्टावर कुणीतरी बघितलाय म्हणे. इंचाचा भाव मात्र पठ्ठ्याने चार ठिकाणी विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता. त्याला दोष देत नाही. कापड मीटरवर आणि प्लॉट फुटावर घेणारं गाव आपलं सोलापूर. मीही पहिल्यांदा असंच विचारलं होतं.

त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते. माझ्या अंगावर नऊ टॅटू आहेत: दोन सोलापुरातले, चार पुण्याचे, दोन मुंबईचे, एक बेंगळुरूचा. आणि एका मोठ्या काळ्या फुलाखाली गाडलेला दहावा, तो गड्ड्यावरचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे सुया रोजच्याच. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पंच करायचे, त्यामुळे नक्षीही घरचीच.

आधी सुईचं बघा

गड्ड्यावरचा टॅटू 2002 सालचा. होम मैदानावर पाळण्यांच्या पलीकडे एक माणूस स्टुलावर बसलेला, बॅटरीवरचं मशीन, शाईची एकच वाटी, पुढे आठ-दहा जणांची रांग. माझ्या आधीच्या बाईचा हात झाला, त्याने फडक्याने सुई पुसली आणि माझा हात ओढला. तीस रुपयांत नावाचं पहिलं अक्षर. रात्री आईने बघितलं आणि म्हणाली, "काय करलालीस गं हे?" बस, एवढंच. पुढचे चार दिवस बोलली नाही.

दोन वर्षांनी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला असताना सरांनी सांगितलं की हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, नुसत्या टेबलावरसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. मला ते फडकं आठवलं. हातपाय गार पडले. दुसऱ्याच दिवशी स्वतःचं रक्त काढून दिलं: हिपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्ही. तिन्ही निगेटिव्ह आले, हे नशीब. मग बीची लस घेतली. तिचे तीन डोस असतात, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. टॅटू काढायचं मनात आलं की पहिला खर्च हा करा, कलाकार शोधायला तसेही सहा महिने लागतातच.

ते अक्षर तीन वर्षांत टिपकागदावरच्या शाईसारखं पसरलं. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर बसावी लागते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात म्हणून टॅटू टिकतो. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, खोल गेली तर चरबीत पसरते. यंत्र कितीही भारी असो, खोली हाताला कळावी लागते. पैसे त्या हाताचे.

दुकानात गेलात की लाजू नका, बघा. सुईचं कार्ट्रिज बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघालं पाहिजे, पाकिटावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवी. शाई बाटलीतून छोट्या प्लॅस्टिकच्या टोपणात ओततात, ते टोपण नंतर कचऱ्यात जायला हवं. दाढीचं पातं नवं. मशीन आणि वायर प्लॅस्टिकने गुंडाळलेली. ग्लोव्ह्ज घालून तो मध्येच फोन उचलत असेल तर ग्लोव्ह्ज बदलायला सांगा. मशीन धरायची स्टीलची ग्रिप परत वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, कुठंय ते विचारा: 121 अंश, पंधरा पौंड दाब, किमान पंधरा मिनिटं. निळा दिवा लावलेली काचेची पेटी म्हणजे ऑटोक्लेव्ह नव्हे, त्या पेटीत वस्तू ठेवायच्या असतात, त्यात त्या निर्जंतुक होत नाहीत. आपल्याच गावातल्या एका दुकानात मी पाचशे रुपये आगाऊ देऊन खुर्चीत बसले होते, आणि त्याने आधीच्या गिऱ्हाइकाची उरलेली शाई परत बाटलीत ओतली. मी चप्पल घातली आणि निघाले. पाचशे बुडाले, चालतंय.

याच्यावरून स्वस्ताचा तळ कुठे आहे तेही कळतं. कार्ट्रिजं, शाई, ग्लोव्ह्ज, टॅटूवर चिकटवायची फिल्म, पातं, चित्र कातडीवर उमटवायचा स्टेन्सिलचा कागद एवढं धरलं तरी एका बैठकीचा माल चार-पाचशेला सहज जातो, असं मला दोघा-तिघांनी हिशोब मांडून दाखवलंय. मग तीनशेत टॅटू देणारा यातलं काहीतरी दुसऱ्यांदा वापरतोय, एवढं गणित आपल्यालाही येतं. चांगल्या दुकानात 'किमान आकार' म्हणून दीड-दोन हजार सांगतात, भले तुम्हाला एक टिकली एवढाच ठिपका हवा असेल. त्यावर चिडू नका. टेबल तेवढंच मांडावं लागतं.

आता भावाचं

वडील घरी आलेखाचा कागद आणायचे. चादरीच्या कोपऱ्यातला मोर त्या चौकोनांत भरायचा, मग प्रत्येक चौकोन म्हणजे कार्डावर भोक आहे किंवा नाही. एका मोराला चार-चार दिवस जायचे. पण एकदा कार्डांची माळ तयार झाली की माग त्याच माळेवर चादरीमागून चादरी विणायचा. नक्षीचा खर्च त्या सगळ्या चादरींवर वाटला जायचा, म्हणून चादर परवडायची.

टॅटूत एकच चादर विणली जाते. नक्षीचा सगळा खर्च त्या एकीवर पडतो. इंचाच्या भावात ही नक्षी कुठेच दिसत नाही, फक्त विणाई दिसते. म्हणून इंचाचा भाव ऐकून खूश होणारा माणूस बहुतेक वेळा नेटवरून उतरवलेलं चित्र घेऊन घरी येतो. तयार चित्रांचा तक्ता असतो, त्याला फ्लॅश म्हणतात, त्यातलं घेतलं तर स्वस्त पडणं रास्तच आहे, कार्डं आधीच पंच झालेली असतात. पण "फक्त माझ्यासाठी काढून दे" म्हणायचं आणि भाव फ्लॅशचा द्यायचा, हे नाही चालत.

तेव्हा विचारायचं ते हे: चित्र तुम्ही काढणार का? त्याचे पैसे धरलेत का? किती बैठका, किती तास? पुन्हा भरायला म्हणजे टचअपला किती दिवसांत येऊ आणि त्याचे पैसे किती? आगाऊ रक्कम शेवटी वजा होते का, आणि तारीख बदलली तर बुडते का? एवढ्याची उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

माझाच हिशोब सांगते. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक आलेखाचा कागद सापडला, अर्धवट भरलेलं फूल, कडेला त्यांच्या हातचे आकडे. ते मला डाव्या हातावर हवं होतं, साधारण तीन बाय पाच इंच. सोलापुरात एकाने इंचाला पाचशेने साडेसात हजार सांगितले आणि म्हणाला, दोन तासांत करतो, चौकोन सोडून देऊ, फूल छान शेडिंगमध्ये मारू. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागद दिसलाच नाही. पुण्याच्या मुलाने कागद खिडकीत धरला, मोबाइलने फोटो काढला आणि पहिलं काय विचारलं तर, "ताई, हे चौकोन उभे थोडे लांब का आहेत?" मला तेव्हा आठवलं, उभ्या ताण्याची आणि आडव्या बाण्याची दाटी सारखी नसते, म्हणून कागदावर चौकोन तसा धरतात, नाहीतर विणल्यावर मोर उभा ताणला जातो. वडिलांनी मला हे सातवीत सांगितलं होतं. त्याने दोन संध्याकाळी घालवून ते परत आखलं, मनगटाकडे हात निमुळता होतो त्याप्रमाणे ओळी थोड्या आत घेतल्या आणि अर्धवट फूल अर्धवटच ठेवलं. पाच तास, चौदा हजार.

वर जाण्या-येण्याचे, रिक्षा आणि जेवण धरून बाराशे. दोन महिन्यांनी टचअप फुकट, पण प्रवास पुन्हा बाराशे. म्हणजे सोळा हजार चारशे आणि दोन दिवसांची रजा. साडेसात हजारांशी तुलना करायची तर या आकड्याची करा.

बेंगळुरूचं गणित तर याहून शिकवणारं. अठरा हजार फी, रेल्वे आणि दोन रात्रींचं लॉज मिळून साडेसहा. टचअप तिथेही फुकट होतं. कोण जाणार? एक ओळ अजून पुसट आहे आणि राहील. लांबच्या कलाकाराकडे एकाच बैठकीत नीट बसेल असंच काम न्यावं, रंगांचे मोठे पट्टे नेऊ नयेत, हे मला नंतर कळलं.

मुंबईत नाव असलेले काही जण तासावर नाही, दिवसावर घेतात. मी एका दिवसाचे बावीस हजार दिलेत. जास्त वाटले, अजूनही वाटतात. त्या रकमेत काम किती आणि वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांची रांग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. फिलिपाइन्समध्ये बुस्कालान नावाच्या डोंगरातल्या गावी वांग-ओड नावाची आजी आहे. काट्याने आणि काजळीने गोंदते. 2023 च्या एप्रिलमध्ये वोग फिलिपाइन्स या मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा ती 106 वर्षांची होती. लोक विमान, बस आणि वर पायपीट करून तिच्याकडून तीन ठिपके घेऊन येतात, ती तिची सही. त्या ठिपक्यांचा इंचाचा भाव काढून बघा. माझी आजी पण सांगायची, गोंदणारीण दारात आली की तुळशीला दोन शेर ज्वारी आणि कपाळावरच्या ठिपक्याला मूठभर शेंगा. चित्रावर भाव होता, मापावर नव्हता.

घासाघीस करू नका असं मी म्हणत नाही, पण भाजीसारखी करू नका. "माझ्याकडे दहा हजार आहेत, यात काय बसेल?" असं सरळ विचारलं की चांगला कलाकार चित्र लहान करतो, बारकावे कमी करतो किंवा दोन बैठकांत पैसे विभागून देतो. भाव पाडला की तो घाई करतो. टिपेची आपल्याकडे सक्ती नाही, मी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पुडकं नेते. पुण्याच्या त्या मुलाने पुढच्या वेळी तारीख देताना आधी चटणीचं विचारलं.

कलाकार कसा शोधायचा

इन्स्टावरचा ताजा टॅटू म्हणजे लग्नातला फोटो. सगळेच छान दिसतात. "वर्ष झालेल्या कामाचे फोटो दाखवा" म्हणा. त्यात रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे का, गोल जिथे सुरू झाला तिथेच मिळतो का, काळं भरलेलं मध्ये विरलंय का, एवढं बघा. दुसरं, त्याच्या पानावर आपल्यासारखी कातडी आहे का? सगळे हात गोरेपान असतील तर जरा थांबा. फिका पिवळा, पांढरा, पिस्ता असले रंग सावळ्या कातडीखाली वर्षभरात दिसेनासे होतात. काळा आणि गडद लाल टिकतात. एक मात्र खरं, लेझरने काढायची वेळ आली तर काळाच सगळ्यात सहज निघतो, हिरवा आणि निळा त्रास देतात.

आणि देवनागरी! याच्यावर मी वेगळं पुस्तक लिहू शकेन. बेंगळुरूत माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला मनगटावर 'विठ्ठल' हवं होतं. कलाकाराने संगणकावर टाइप केलं, स्टेन्सिल छापली, हातावर चिकटवली, सोलली. जांभळ्या अक्षरात 'वठिठल'. वेलांटी जाऊन ठवर बसली होती आणि जोडाक्षर सुटलं होतं. चित्रांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसली की असंच होतं. त्याला मराठी येत नाही, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. सुई भरून तयार. मी आरशात बघत होते म्हणून दिसलं, नाहीतर पांडुरंगाचं नाव आयुष्यभर तसंच. तेव्हापासून माझा नियम: शब्द कधी टाइप करून पाठवायचा नाही. ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडून जाड पेनाने कागदावर लिहून घ्यायचा आणि फोटो द्यायचा. स्टेन्सिल लागल्यावर मराठी येणाऱ्या दोघांना व्हिडिओ कॉलवर वाचायला लावायचं. अक्षर अर्ध्या इंचापेक्षा लहान नको, वर्षांनुवर्षांत रेघ थोडी जाड होतेच आणि ळ, ढ, क्ष यांची पोटं बुजतात.

कशाला जावं, कशाला नाही

नाव, छोटं त्रिशूळ, साधी काळी रेघ यासाठी गाव सोडू नका. सोलापुरात आता स्वच्छ काम करणारे आहेत. चेहरा हुबेहूब हवा, ठिपक्यांचं बारीक काम हवं, अख्खा हात एका कल्पनेत भरायचाय, अशा वेळी बाहेर जा. पुण्यासाठी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस उत्तम, चार तासांत पोचवते, अकरा-साडेअकराला खुर्चीत बसता येतं आणि संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. पाच तासांच्या वरचं काम असेल तर मुक्काम धरा. मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. पण रात्रभर अर्धवट झोपून थेट खुर्चीत बसू नका, एकदा मला तिसऱ्या तासाला घेरी आली. पोटभर खाऊन जा, आदल्या रात्री दारू नाही. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेचे वण फुगत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणखी एक: मुंबईचे बरेच कलाकार पाहुणे म्हणून पुण्याच्या स्टुडिओत दोन-चार दिवस येतात. त्या तारखांवर लक्ष ठेवलं तर भाडं वाचतं.

रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही.

भाच्यासारख्या भरतीवाल्यांसाठी तर याहून महत्त्वाचं. बोलता बोलता तो उजव्या हातावर घेऊ म्हणाला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. सॅल्यूटचा हात मोकळा हवा. देवाचं चित्र किंवा नाव चालतं. जाहिरातीतला वैद्यकीय भाग वाच, मग तारीख घे, असं त्याला बजावलंय. "मग छाती?" म्हणाला. ते तर नकोच, भरती होईपर्यंत.

ज्यांना एकावर न थांबता जमवायचेत त्यांनी हाताची जागा घाईत उधळू नये. मी मनगटाजवळ दोन लहान चित्रं विचार न करता टाकली, आता त्यांच्यामधली फट कुणालाच भरता येत नाही. एका अवयवावर शक्यतो एकाच कलाकाराचा हात. आणि झाकायचा टॅटू जुन्याच्या दोन-तीन पट मोठा आणि बहुतेक काळाच होतो. गड्ड्यावरचं एका इंचाचं अक्षर झाकायला मला साडेतीन इंचाचं फूल आणि नऊ हजार लागले. तीस रुपयांचं अक्षर.

घरी आल्यावर

हंगाम पाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, घामाने फिल्म दुसऱ्या तासाला सुटते. रंगपंचमीच्या आधीचा महिना टाळा. फिल्म लावून दिली असेल तर कलाकाराने सांगितलेले दिवस ठेवा, मग कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण, स्वच्छ कपड्याने टिपून कोरडं, आणि मॉइश्चरायझर अगदी पातळ. आई हळद घेऊन येईल. माझी दर वेळी येते. नको म्हणा, प्रेमाने म्हणा. खपली ओढायची नाही, खाज सुटली तर वरून हलकेच थोपटा. तीन-चार आठवडे पोहणं आणि कडक ऊन नाही. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, दवाखान्यात जा.

परतीच्या गाडीत टॅटूचा हात खिडकीकडे राहील अशी जागा घ्या, मधल्या वाटेने चहावाले आणि बॅगा घासून जातात. पहिल्या दोन रात्री शाई आणि पिवळसर पाणी पाझरतं, पांढऱ्या बेडशीटवर ते डाग निघत नाहीत. अंथरायला जुनी चादर काढा. आपल्या गावात जुन्या चादरींना तोटा नाही.